ताईच्या फोटोची खोळ

३ फेब्रुवारी, सोमवार

आले एकदाची. दोन बॅगा, एक छत्री आणि माझी उशी एवढा संसार घेऊन ताईच्या दारात उभी राहिले, तेव्हा भावोजींनी आधी उशीच आत घेतली. ताई विचारत होती, या गावात उशा मिळत नाहीत असं तुला कुणी सांगितलं? भावोजी म्हणाले, मिळतात, पण हिच्या डोक्याच्या मापाच्या नसतील. आल्या आल्या टिंगल सुरू झाली म्हणजे घर आपलंच आहे म्हणायचं.

मला मिळालेली खोली मुळात इस्त्रीच्या टेबलाची आणि भावोजींच्या व्यायामाच्या सायकलची. सायकलवर भावोजी बसलेले कुणी पाहिलेले नाहीत, त्यांचे शर्ट मात्र रोज बसतात. खिडकीला नवा पडदा आहे. तो ताईने काल बसून स्वतः शिवला असं भावोजींनी गुपचूप सांगितलं.

ताई मोठ्या हॉस्पिटलात चौकशीच्या खिडकीवर बसते. घाबरलेली, चिडलेली, रडणारी माणसं तिच्यापाशी येतात आणि तिच्याशी दोन वाक्यं बोलून धडपणे लिफ्टकडे जातात. भावोजी म्हणतात, हिने फोनवर 'थांबा हं' म्हटलं की माणूस अर्धा तास आनंदाने थांबतो. माझी नोकरीसुद्धा ताईच्या तोंडाचीच कमाई. एका दुकानाच्या मालकीणबाई आपल्या आईला घेऊन हॉस्पिटलात यायच्या, बोलता बोलता ताईने माझं काम करून टाकलं.

शेजारच्या काकूंनी जिन्यातच गाठून विचारलं, हिची सख्खी बहीण का तू? वाटत नाहीस हो. हे मी पाळण्यापासून ऐकत आलेय. सवयीने सगळे दात दाखवून हसले.

५ फेब्रुवारी, बुधवार

कामाचा पहिला दिवस, आणि मी खूश आहे. दुकान म्हणजे पुढे काचेचं दालन आणि मागे आम्ही. लोक फोटो आणून देतात, आम्ही ते कपावर, बशीवर, उशीवर, घड्याळावर, मागाल त्यावर छापून देतो. आम्ही म्हणजे तिघं. संगणकावर उस्ताद आणि मी, पॅकिंगला मावशी. उस्तादांचं खरं नाव बहुधा त्यांनाही आठवत नसावं. मावशी प्रत्येक चेहरा खोक्यात घालण्याआधी त्याच्यावर शेरा मारतात. आजचा एक नवरदेव त्यांच्या मते उकडलेला बटाटा होता.

उस्तादांनी मला आज खोळ शिकवली. आमचे कप खाली निमुळते. सरळ फोटो छापला तर कपावर माणसाची हनुवटी आवळते. म्हणून चित्रकामाच्या प्रोग्रॅममध्ये फोटोवर आधी एक न दिसणारी खोळ चढवायची. प्रोग्रॅममध्ये तिचं नाव एन्व्हलप, पण इथे सगळे खोळच म्हणतात, उशीची असते तशी. तिच्या कडेला बारीक चौकोनी गाठी असतात. गाठ ओढली की खोळ ओढली जाते आणि खोळीबरोबर आतला फोटो. गाल फुगतात, कपाळ रुंदावतं, हवं ते होतं. गंमत अशी की मूळ फोटोला काही होत नाही. 'खोळ काढा' म्हटलं की आतला माणूस होता तसा बाहेर.

पण छापायच्या यंत्राला खोळ कळत नाही. म्हणून फाईल पाठवण्याआधी चपटी करायची, म्हणजे खोळ आणि फोटो वितळून एकच चित्र होतं. मालकीणबाईंची शिस्तच आहे, दुकान बंद करताना दिवसभराच्या सगळ्या फाईली एकदम निवडायच्या, चपट्या करायच्या, यंत्राकडे ढकलायच्या. एकदा चपटी झाली की ब्रह्मदेव आला तरी खोळ निघत नाही. बाई पहिल्यांदा मला म्हणाल्या की संध्याकाळी चपटी केल्याशिवाय घरी जायचं नाही, तेव्हा मी त्यांच्याकडे बघतच राहिले. चपटी म्हणजे मला एकच माहीत होती, दारूची. मावशी हसून हसून खुर्चीवरून पडायच्या बाकी होत्या.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज मी दुकानात पहिल्यांदा सगळ्यांना हसवलं. त्याबद्दल लिहायचं तर लाज वाटतेय, पण लिहिते.

ताईचा वाढदिवस जवळ आलाय. तिला एक कप करून द्यावा म्हणून रविवारी बाल्कनीत काढलेला तिचा फोटो संगणकावर घेतला होता. कपडे वाळत घालताना ती मागे वळून हसली तेव्हाचा. मावशी मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ही तुझी बहीण? एका खाणीत एक हिरा आणि एक गारगोटी. उस्ताद गालातल्या गालात हसले. माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, थांबा, हिऱ्याला जरा पैलू पाडते. फोटोवर वांग्याच्या आकाराची खोळ चढवली, हनुवटी खाली ओढली, उजवा गाल आणखी बाहेर. मावशींच्या नाकातून चहा आला. उस्तादांनी मला कलाकार म्हटलं. जेवायला आज त्यांनी मला आपल्या टेबलावर बोलावलं. संध्याकाळी चपट्या करताना ताईची फाईल तेवढी वगळली, कप अजून व्हायचा होता.

सगळ्यांत जास्त मी हसले. ताईच्या तोंडाकडे बघून.

घरी आले तर माझ्या कोटाचं उसवलेलं अस्तर ताईने शिवून ठेवलं होतं. मी आभारसुद्धा नीट मानले नाहीत. मान वर करवत नव्हती.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ताईचा उजवा गाल सुजलाय. काल दुपारीच हॉस्पिटलात बसल्या बसल्या जड वाटायला लागलं म्हणे, सकाळी उठली तर हनुवटीसकट सगळं खाली ओघळलेलं. दातवाल्याने सगळे दात ठोकून पाहिले आणि एकही दुखत नाही म्हटल्यावर गोळ्या दिल्या. भावोजी म्हणाले, धाकटी आली आणि थोरलीला बाळसं आलं. ताईही हसली, वाकडी.

मी हसू शकले नाही. वांगं. ते वांगंच होतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

योगायोग असतो. चोराच्या मनात चांदणं. तरीही सकाळी गेल्या गेल्या ती फाईल उघडली, कारण ते चित्र तिथे असणंच सहन होईना. पुसूनच टाकणार होते. मग कपाचं आठवलं, म्हणून नुसती खोळ काढली. ताई पुन्हा बाल्कनीत सुंदर हसायला लागली.

संध्याकाळी दार तिनेच उघडलं. चेहरा स्वच्छ. सकाळीच एकाएकी उतरलं म्हणाली, कुणीतरी आवळलेलं सैल सोडावं तसं. भावोजी गोळ्यांची तारीफ करत होते. मी खोलीत जाऊन सायकलवरच्या शर्टांच्या उगाच पुन्हा घड्या घालत बसले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

खात्री करून घेतली. कशी, ते लिहिताना स्वतःचा तिटकारा येतोय. एका हाताने ताईला फोन लावला आणि भाजी काय आणू असं काहीतरी विचारत दुसऱ्या हाताने फोटोतला कान एवढासा ओढला. ताई बोलता बोलता थांबली. म्हणाली, अगं, लहानपणी आई कान धरायची ना, अगदी तसं झालं आत्ता. मी खोळ काढली. ती म्हणाली, गेलं.

मग गिऱ्हाइकांचे फोटो ओढून पाहिले, माझाही ओढला. कुणाला काही नाही. इतरांना मी रोज ओढते ते चांगलं दिसावं म्हणून. ताईला ओढलं ते लोकांनी हसावं म्हणून. याखेरीज फरक मला तरी सापडत नाही.

ताईला सांगायला हवं. पण सांगताना सुरुवात त्या हसण्यापासून करावी लागेल. उद्या सांगीन.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं नाही. त्याऐवजी जे केलं ते असं.

सकाळी मी आंघोळीला गेलेय असं समजून ताई मामीशी फोनवर बोलत होती. म्हणाली, तशी मनाने वाईट नाही गं ती, पण डोक्याने जरा बेताचीच. मालकीणबाईंच्या हातापाया पडून चिकटवलंय तिला, आता टिकली म्हणजे मिळवली. रागाने नाही बोलली. अगदी मायेनं, त्याच गोड आवाजात, ज्याने ती लोकांना लिफ्ट दाखवते. रागाने बोलली असती तर मी भांडले असते.

दुकानात येऊन ताईचं तोंड आवळलं. ओठांच्या दोन्ही टोकांच्या गाठी धरून मधे आणल्या, बटव्याची नाडी ओढतात तशा. म्हटलं, राहू दे एक दिवस गप्प. संध्याकाळी सोडीन. आणि कामाला लागले, आणि सांगायला लाज वाटते, पण मला दिवसभर बरं वाटत होतं.

बंद करायच्या वेळी बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. शाळेची मोठी ऑर्डर होती, त्यांना घाई होती. मी सगळ्या फाईली एकदम निवडल्या, चपट्या केल्या, ढकलल्या. रोजच्यासारखं. हाताला वळण लागलंय ना. बाई म्हणाल्या, शहाणी आहेस गं, लवकर शिकलीस.

अर्ध्या रस्त्यात आठवलं. परत धावले. दुकानाला कुलूप होतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

'खोळ काढा' फिकट झालंय. दाबलं जात नाही. खोळच राहिलेली नाही, मी काढणार काय. मागच्या पावलांनी परत जायची सोय असते तीसुद्धा फाईल बंद झाली की संपते. फोनमधला मूळ फोटो नवा करून घेतला, मांडला, त्याला गोंजारलं. तो नुसता फोटो आहे. त्याचा ताईशी काही संबंध नाही.

ताईचं तोंड शर्टाच्या काजाएवढं झालंय. नळीने पाणी पिते. भावोजी तिला तिच्याच हॉस्पिटलात घेऊन गेले, तिच्याच खिडकीवरून. तिच्या जागी बसलेल्या मुलीने तिला ओळखलं नाही आणि कुठल्या डॉक्टरांकडे जायचंय असं विचारलं. ताईला सांगता येईना. डॉक्टरांनी आणखी डॉक्टर बोलावले. त्यांना असं काही माहीत नाही.

कप छापून झाला होता. मावशींना फार आवडला. मी तो फोडला. काहीच झालं नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

उपाय सुचला होता. खोळ निघत नसली तर त्याच चित्रावर नवी चढवून उलट्या दिशेने ओढायचं. जेवढं आवळलं तेवढं सोडायचं. उस्तादांना आडून विचारलं. ते म्हणाले, तसं होत नसतं बाई. आवळताना चित्राचे जे ठिपके गेले ते गेले. ताणलं की उरलेलेच पसरतात. भाकरीचं पुन्हा कणीस होत नाही.

तरी ताणलं. हळूहळू, जीव मुठीत धरून.

तोंड उघडलं. संध्याकाळी घरी ताई जेवली. आणि मग मी तिच्याकडे नीट पाहिलं. ओठांना कड नाही. ओल्या रंगावरून बोट फिरवावं तसा गालात मिसळलेला लाल पट्टा. आत वेगवेगळे दात नाहीत, एकच पांढरी रेघ. ती काहीतरी म्हणाली. आवाज आला, पण त्याला शब्दांच्या कडा नव्हत्या.

भावोजी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभे राहिले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

ताईने घरातले आरसे भिंतीकडे वळवलेत. भावोजींसमोर तोंडावरची ओढणी सोडत नाही. शेजारच्या काकू आल्या तर आतून कडी. तिला लाज वाटते. तिला.

फक्त मला जवळ येऊ देते. भरवायला मी, पुसायला मी. माझा हात धरून ठेवते. भावोजी डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, तू आहेस म्हणून ती आहे. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपलेच दात आपलेच ओठ म्हणतात, मी तर तेही ठेवले नाहीत.

सांगणार होते. चमचा हातात होता. ती माझ्याकडे इतक्या विश्वासाने बघत होती की — नाही सांगितलं.

पुन्हा थोडं ताणून पाहिलं. नाक सरकलं. आता हात लावायचा नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

उस्ताद माझ्या खुर्चीकडे येत होते. त्यांना दिसू नये म्हणून मी चित्र पानावरून लपवलं. पुसलं नाही, फक्त लपवलं. उस्ताद गप्पा मारत उभे राहिले.

भावोजींचा फोन. न्हाणीघराची कडी आतून आहे, ताई आवाज देत नाही. दार फोडलं. आत कुणी नाही. खिडकीला गज आहेत. नळ चालू, ओढणी खाली —

उस्तादांच्या देखत चित्र परत आणलं. फोनमध्ये भावोजी ओरडले. ती तिथेच होती, स्टुलावर, साबण हातात.

संध्याकाळी तिला विचारलं, मधे कुठे होतीस. तिने मान हलवली. कुठेच नाही.

उस्तादांनी चित्र पाहिलं होतं. आज त्यांच्या टेबलावर मला कुणी बोलावलं नाही. बरोबर आहे.

म्हणजे १२ तारखेला मी पुसणार होते तेव्हा —

२४ फेब्रुवारी, सोमवार

दुपार. सगळे जेवायला गेलेत. मी फाईल उघडून बसले होते, नुसती बघत —

मागे कुणीतरी उभं आहे असं वाटलं. ताई. ओढणी गुंडाळून एकटी चालत आली. हातात माझा डबा, घरी विसरले होते तो. तिने संगणकाचा पडदा पाहिला.

सांगितलं. सगळं. मावशींच्या चहापासून, मामीच्या फोनपासून, चपट्यापर्यंत. न्हाणीघराचंही. एकदाही थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं. ती ऐकत राहिली. मारेल असं वाटलं. मारावं असं वाटलं.

तिने डबा टेबलावर ठेवला. माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

मग खुर्ची ओढून बसली. शेजारी आहे. मी वहीत डोकं घालून लिहितेय, कारण तिच्याकडे बघवत नाही —

माऊस तिच्या हातात आहे. ओढणी काढलीय. बोटाने पडद्यावरचं तोंड पुसून पाहिलं, काच पुसतात तसं. मग डाग जाईना म्हणून —

पडद्यावर पाटी आलीय. ही फाईल कायमची पुसायची का. हो. नाही.

बाण 'हो'वर आहे. तिला माहीत आहे काय होईल, मीच सांगितलंय. दाबत नाहीये. वळून माझ्याकडे बघतेय. विचारतेय. तिला शब्द नाहीत म्हणून डोळ्यांनी —

नको म्हणायचं. एवढंच. एक शब्द. तोंड तर माझं धड आहे.

म्हणत नाहीये मी. का म्हणत नाहीये —

कारण ती राहिली तर रोज भरवावं लागेल. रोज ते तोंड. रोज तो विश्वास, माफ केलेला, रोज माझ्यासमोर. आणि ती नसेल तर कुणालाच कधी कळणार नाही —

हे मी लिहिलं. माझ्याच हाताने. ती वाचू शकते, इतकी जवळ आहे, ती वाचतेय —

अजून दाबत नाही. मी नको म्हणेन याची ती वाट बघतेय.

मीही वाट बघतेय, की तिने